‘संशोधन झालेलं नाही’ की आपल्याला सापडलं नाही?

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं: ‘या विषयावर आजवर फारसे संशोधन झालेले नाही.’ आपली सगळी ‘रिसर्च गॅप’ या एका वाक्यावर उभी असते. आरआरसीपुढे आपण ते ठासून म्हणतो. पण ते कशाच्या आधारावर लिहिलंय, असं कुणी विचारलं तर बहुतेकांचं खरं उत्तर एवढंच असतं: गूगल स्कॉलरवर दोन-तीन शब्द टाकले, पहिली दोन पानं पाहिली, आपल्या विषयाचं थेट काही दिसलं नाही.

म्हणजे वाक्य ‘नाही’ असं म्हणतं आणि पुरावा ‘सापडलं नाही’ एवढाच असतो. या दोन गोष्टींमधल्या अंतराबद्दल आज लिहितेय. पेट झालेल्या, कोर्सवर्कला बसलेल्या किंवा नुकताच गाइड मिळालेल्या मित्रमैत्रिणींसाठी हे आहे. थोडी टीका आहे, आणि ती दोघांवर आहे: आपल्याला शोध कसा शिकवला जातो त्यावर, आणि आपण ज्या साधनावर डोळे मिटून विश्वास ठेवतो त्यावर.

युक्त्यांची यादी पुरत नाही

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात ‘इंटरनेट सर्च’ला फार तर एक तास मिळतो. त्या तासात स्लाइडवर एक यादी येते. नेमका शब्दसमूह हवा असेल तर अवतरणचिन्हांत टाका. पर्याय द्यायचे असतील तर मध्ये मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ लिहा. नको तो शब्द वजा चिन्ह लावून काढा. एकाच संकेतस्थळावर शोधायचं असेल तर ‘साइट’ लिहून कोलन द्या आणि पुढे पत्ता. फक्त पीडीएफ हव्या असतील तर ‘फाइलटाइप’. (हे सगळं टाइप मात्र इंग्रजीत करायचं.)

यादी चुकीची नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीचा उपयोग होतो, आणि अजून एक गोष्ट त्यात असायला हवी. गूगल आपण टाकलेले शब्द जसेच्या तसे शोधत नाही, जवळचे वाटणारे शब्दही आपल्या मनाने धरतं. ते नको असेल तर निकालांच्या वर ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘व्हर्बेटिम’ निवडायचं. शासकीय कागदपत्रं शोधताना याने बराच कचरा गळतो.

पण या यादीने एक समज घट्ट होतो की शोध म्हणजे बटणं कुठली दाबायची याचं ज्ञान. खरी अडचण त्याच्या आधीची आहे. ज्याने तो लेख, अहवाल किंवा प्रबंध लिहिला, त्याने आपल्या विषयाला कुठल्या शब्दाने हाक मारली होती, हे आपल्याला माहीत नसतं. चुकीचा शब्द अवतरणचिन्हांत टाकला तरी तो चुकीचाच राहतो.

ही अडचण इंटरनेटच्याही आधीची आहे. १९८५ मध्ये डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका मोठ्या दाव्यातली सुमारे ४०,००० कागदपत्रं संगणकावर होती आणि त्यातल्या कुठल्याही शब्दावरून शोध घेता येत होता. वकिलांना सांगितलं होतं की कामाची निदान ७५ टक्के कागदपत्रं मिळाली असं वाटेपर्यंत शोधत राहा. ते समाधानी झाल्यावर तपासलं, तर प्रत्यक्षात सरासरी २० टक्क्यांच्या आसपासच मिळाली होती. यंत्र चालू होतं, शोधणारे हुशार होते, वेळही होता. गोची शब्दांत होती. जे एका बाजूसाठी ‘अपघात’ होतं, त्याला दुसऱ्या बाजूच्या पत्रव्यवहारात ‘घटना’, ‘परिस्थिती’, ‘अडचण’ असलं काहीतरी म्हटलेलं होतं.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती म्हणजे त्यांचं समाधान. हाती आलेली कागदपत्रं बहुतांश कामाचीच होती. त्यामुळे शोध छान चाललाय असंच वाटत राहिलं. जे आलं नाही ते दिसतच नाही, मग खटकणार कसं?

१९७२ चा दुष्काळ शोधून पाहू

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा, विषय आहे महाराष्ट्रातला १९७२ चा दुष्काळ. आपण काय टाकू? ‘महाराष्ट्र ड्रॉट १९७२’. निकाल येतील, बरेच येतील. वुल्फ लाडेजिन्स्की यांचा ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधला १९७३ चा लेख सापडेल, कारण त्याच्या शीर्षकात ‘ड्रॉट’ आहे. व्ही. सुब्रमण्यम यांचं ‘पार्च्ड अर्थ’ सापडेल, कारण त्याच्या उपशीर्षकात ‘महाराष्ट्र ड्रॉट’ आहे. तिथेही वर्षं मात्र १९७०-७३ अशी आहेत, नुसतं १९७२ नाही.

पण राज्य सरकारने नेमलेल्या सुखटणकर समितीचा १९७३ चा अहवाल घ्या. त्याच्या इंग्रजी नावात ‘ड्रॉट’ हा शब्दच नाही. तिथे ‘स्कॅर्सिटी एरियाज’ आहे. ज्याँ द्रेझ यांनी याच दुष्काळाचा तपशिलात अभ्यास केला, तो त्यांच्या ‘फॅमिन प्रिव्हेन्शन इन इंडिया’ या लेखनात आहे. म्हणजे शीर्षकात ‘फॅमिन’ आहे आणि महाराष्ट्र नाहीच.

एकच घटना, आणि तिला तीन नावं. हा योगायोगही नाही. ‘फॅमिन’ म्हणजे भूकबळींपर्यंत गेलेलं संकट. त्यामुळे माणसं वाचवली की नाही हा प्रश्न विचारणारा अर्थतज्ज्ञ तो शब्द घेतो. ‘स्कॅर्सिटी’ म्हणजे टंचाई. प्रशासनाला हा शब्द सोयीचा, कारण त्याला नियम, निधी आणि कामं जोडलेली असतात. ‘ड्रॉट’ पावसाकडे आणि पिकाकडे बघणाऱ्याचा शब्द. म्हणजे शब्द निवडताना आपण नकळत बाजूही निवडतो. फक्त ‘ड्रॉट’वर शोध घेतला तर प्रशासन काय म्हणत होतं ते आपल्या वाङ्मय आढाव्यातून गळतं, आणि आपल्याला वाटतं की प्रशासनावर कुणी लिहिलंच नाही.

मराठीतही तेच. दुष्काळ, अवर्षण, टंचाई हे तीन शब्द तर आहेतच. शिवाय ‘अवर्षणप्रवण’ हा सरकारी शब्द, आणि ‘टंचाईसदृश परिस्थिती’ हा तर खास मंत्रालयी. लोकांच्या तोंडी ‘बहात्तरचा दुष्काळ’. त्यावेळच्या खडी फोडण्याच्या कामांवर लिहिलेला लेख ‘रोजगार हमी’ या नावाखाली असेल, आणि त्यात दुष्काळ हा शब्द दुसऱ्या परिच्छेदात येत असेल.

गावांची-जिल्ह्यांची नावंही बदलतात. २०२३ नंतरच्या कागदांत धाराशिव, आधीच्या सगळ्यांत उस्मानाबाद. छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबादचं तसंच. जुन्या इंग्रजी कागदांत पुणे ‘पूना’ असतं, सोलापूर ‘शोलापूर’ असतं. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. तेव्हा मराठवाड्याच्या जुन्या दुष्काळांसाठी मुंबई इलाख्याचे कागद चाळून ‘काही नाही’ म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या कपाटात आपली चावी शोधणं. हे कुठल्याही ‘सर्च टिप्स’च्या यादीत सापडणार नाही. हे विषयाचं ज्ञान आहे, आणि शोध त्याच्याशिवाय होत नाही.

देवनागरीत शोधताना

इंग्रजी माध्यमातल्या सल्ल्यांचा आणखी एक दोष म्हणजे ते इंग्रजी गृहीत धरतात. ‘अवतरणचिन्हांत टाका’ हा सल्ला मराठीत तसाच वापरला तर घात होतो.

कारण आपला शब्द वाक्यात शिरला की रूप बदलतो. पाणी टाकलं, पण लेखात आहे ‘पाण्याचा प्रश्न’, ‘पाण्यावरून’, ‘पाणीटंचाई’. शेतकरी टाकलं, पण लेखात आहे ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’. इंग्रजीत एखादा ‘एस’ वाढतो, आपल्याकडे सामान्यरूप होऊन वर प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं चिकटतात. त्यामुळे अवतरणचिन्हांत मूळ शब्द कधीच एकटा टाकू नये. त्याची तीन-चार रूपं काढायची आणि मध्ये ‘ऑर’ देऊन टाकायची: दुष्काळ, दुष्काळाचा, दुष्काळात, दुष्काळी. हे किचकट वाटतं, पण दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, शुद्धलेखन. आज आपण लिहितो ते नियम १९६२ मध्ये ठरले. त्याआधीच्या छपाईत अनुस्वारांची रेलचेल आहे: केलें, त्यांत, मराठींत. जुनं मासिक जसंच्या तसं टाइप होऊन आलं असेल तर ते आजच्या लेखनाने सापडेलच असं नाही.

तिसरं, डोळ्यांना न दिसणारी गोष्ट. ‘ॲ’ हे अक्षर एका सलग संकेताने लिहिता येतं, किंवा ‘अ’वर वेगळी चंद्राची खूण देऊनही लिहिता येतं. ‘शेतकऱ्यां’मधला तो अर्धा र एकाहून अधिक प्रकारे टाइप होतो. पडद्यावर सगळं सारखंच दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. मोठी शोधयंत्रं यातलं बरंच सांभाळून घेतात, पण ग्रंथालयाचा कॅटलॉग किंवा पीडीएफमधला साधा ‘फाइंड’ घेईलच असं नाही. आकड्यांचंही तसंच: वर्ष देवनागरी आकड्यांत एकदा आणि रोमन आकड्यांत एकदा, असं दोनदा शोधायचं.

आणि चौथं सगळ्यात वाईट. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप व्हायचा. त्यांची पीडीएफ वाचायला व्यवस्थित दिसते, पण आतून ती रोमन अक्षरांची खिचडी असते. त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करून बघा, लगेच कळेल. अशी फाइल इंटरनेटवर असूनही मराठी शब्दांनी सापडत नाही. स्कॅन केलेल्या पानांचं तेच. ती फक्त चित्रं असतात.

मराठीत ‘काही नाही’ असं म्हणताना ही चारही दारं आपण ठोठावली का, हे आधी बघावं लागेल.

स्कॉलर: उपयोगी, पण कशासाठी?

गूगल स्कॉलर नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालं. ते बांधणाऱ्या दोघांपैकी एक अनुराग आचार्य, खरगपूर आयआयटीचे. ज्या विद्यापीठांकडे महागडे डेटाबेस नव्हते तिथल्या विद्यार्थ्यांवर या साधनाचे उपकारच आहेत. ‘साइटेड बाय’ ही एक सोय आपल्याला फुकट मिळाली हेसुद्धा थोडं नाही. माझी तक्रार स्कॉलरवर कमी, आणि त्याला ‘सगळं काही’ समजण्यावर जास्त आहे.

तरी त्याच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. वर ‘लाखभर निकाल’ असा आकडा दिसला तरी स्कॉलर पहिल्या १,००० च्या पुढे जाऊच देत नाही. ते नेमकी कुठली नियतकालिकं धरतं याची यादी देत नाही. विषयानुसार गाळणी नाही. शब्द शोधायचा तर शीर्षकात किंवा अख्ख्या मजकुरात, फक्त सारांशात शोधता येत नाही. ‘तारखेनुसार लावा’ म्हटलं तर साधारण गेल्या वर्षभरात भर पडलेलंच दाखवतं. बरेच जण ते बघून समजतात की विषयावर एवढंच लिहिलं गेलंय.

निकालांच्या क्रमात कुणाला किती जणांनी उद्धृत केलं याला मोठं वजन आहे. याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्याला आधीच पुष्कळांनी वाचलं तो वर, म्हणून त्याला आणखी पुष्कळ जण वाचणार, म्हणून तो आणखी वर. मराठीत लिहिलेला, एखाद्या जिल्ह्यापुरता, चांगला पण कुणी उद्धृत न केलेला लेख तळाला. आपण दोन पानं पाहून थांबतो, आणि आपणही त्याला उद्धृत करत नाही.

बरं, ते उद्धृतांचे आकडे तरी पक्के आहेत का? २०१२ मध्ये स्पेनमधल्या तीन संशोधकांनी एका काल्पनिक लेखकाच्या नावाने ६ बनावट लेख तयार करून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकले. प्रत्येकात आपल्याच गटाच्या १२९ लेखांचे संदर्भ दिले. स्कॉलरने ते सगळे मोजले. २०२० मध्ये मायकेल गुसेनबाउअर आणि नील हॅडवे यांनी २८ शोधसाधनं तपासली. पद्धतशीर आढाव्यासाठी मुख्य साधन म्हणून गूगल स्कॉलर योग्य नाही, पूरक म्हणून वापरा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्या सिनॉप्सिसमध्ये ते बहुतेक वेळा एकमेव साधन असतं.

मग शोधगंगा? इन्फ्लिबनेटचं हे भांडार भारतातल्या संशोधकाला पहिल्याच आठवड्यात ओळखीचं व्हायला हवं. आपल्या विषयावर दुसऱ्या विद्यापीठात प्रबंध झालाय का, हे इथेच कळण्याची शक्यता जास्त. पण तिथेही मराठी प्रबंधाचं शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, कधी थेट इंग्रजी भाषांतरात नोंदलेलं असतं. विषयाचे शब्द तिन्ही प्रकारे टाका. शीर्षकाने हाती लागलं नाही तर विद्यापीठ, मग विभाग, असं उतरत जाऊन नावांची यादीच वाचा. तासभर जातो, पण शोधचौकटीने लपवलेलं यादीत दिसतं.

आणि हल्ली सगळे जे करतात ते: चॅटबॉटला विचारणं. पर्यायी शब्द सुचवायला तो चांगला आहे, तेवढ्यापुरता जरूर वापरा. पण त्याने दिलेला संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय लिहू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे दंड होणार नाही कदाचित. पण व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकाने तो लेख मागितला तर?

मग करायचं काय?

ग्रंथालयशास्त्रातल्या मार्शिया बेट्स यांनी १९८९ मध्ये खऱ्या शोधाला ‘बेरीपिकिंग’ म्हटलं. आपल्या भाषेत, बोरं वेचणं. एका फांदीवर सगळी बोरं कधीच नसतात. एक वेचताना दुसरी फांदी दिसते, आणि चालता चालता आपल्याला नक्की काय हवंय हेही बदलतं. त्यांनी सांगितलेल्या वाटांमध्ये शब्द टाकून शोधणं ही फक्त एक वाट आहे. बाकीच्या म्हणजे तळटीपांच्या मागे जाणं, कुणी कुणाला उद्धृत केलं ते पुढे बघत जाणं, एखाद्या नियतकालिकाचे अंक ओळीने चाळणं, कपाटात शेजारची पुस्तकं बघणं, एका लेखकाचं सगळं लेखन काढणं.

याला आकड्यांचाही आधार आहे. ट्रिशा ग्रीनहाल्ग आणि रिचर्ड पीकॉक यांनी २००५ मध्ये आपल्याच एका मोठ्या आढाव्याचा हिशेब मांडला. ४९५ स्रोतांपैकी फक्त ३० टक्के आधी ठरवलेल्या रीतसर शोधातून आले होते. ५१ टक्के संदर्भांच्या मागे जाऊन, आणि २४ टक्के ओळखीपाळखीतून, जाणकारांना विचारून. (काही दोन वाटांनी सापडले, म्हणून बेरीज शंभरावर जाते.)

तेव्हा माझा सल्ला साधा आहे. शोधायला बसण्याआधी कागद घ्या. विषयाचे तीन-चार भाग पाडा: घटना, जागा, काळ, लोक. प्रत्येकाखाली सुचतील तितके मराठी-इंग्रजी शब्द लिहा. प्रशासन काय म्हणेल, वर्तमानपत्र काय म्हणेल, गावातला माणूस काय म्हणेल. मग एक चांगला लेख शोधा, एकच. त्याची संदर्भसूची वाचा, त्यातले आपल्या यादीत नसलेले शब्द उचला. स्कॉलरवर त्याचं ‘साइटेड बाय’ उघडा आणि त्या चौकटीतच पुन्हा शब्द टाकून शोधा. तशी सोय तिथे आहे. मग नवे शब्द घेऊन पुन्हा पहिल्यापासून. नवे शब्द आणि नवी नावं यायची थांबली की समजा या फांदीवरची बोरं संपली.

ग्रंथालयातल्या काकांना किंवा मॅडमना विचारायला लाजू नका. १९५० पर्यंतची मराठी पुस्तकं असतील तर ते तुम्हाला शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ काढून देतील. इंटरनेटच्या कितीतरी आधी एका माणसाने नोंद-नोंद जमवून केलेलं ते शोधयंत्रच आहे.

आणि शोधवही ठेवा. एक्सेलमध्ये ठेवा किंवा साध्या वहीत: तारीख, कुठे शोधलं, नेमके कुठले शब्द टाकले, किती निकाल आले, किती पाहिले, काय घेतलं. काहीच मिळालं नाही तर तेही लिहा. सहा महिन्यांनी तेच शब्द पुन्हा टाकत बसणं वाचेल, हा फायदा आहेच. पण मोठा फायदा सिनॉप्सिस लिहिताना कळेल. तेव्हा ‘फारसे संशोधन झालेले नाही’ असं मोघम लिहावं लागणार नाही. लिहिता येईल: अमुक साधनांमध्ये, अमुक मराठी आणि इंग्रजी शब्दांनी, अमुक तारखेपर्यंत शोध घेतला असता दुष्काळी कामांवरच्या स्त्रियांच्या मजुरीबद्दल स्वतंत्र अभ्यास आढळला नाही.

हे वाक्य लांब आहे, आणि आरआरसीत कुणी त्यावर टाळ्या वाजवणार नाही. पण ते खरं आहे, आणि कुणी ‘हा बघा एक प्रबंध’ म्हणून समोर ठेवला तरी ते खोटं ठरत नाही. दुसरं असं की आपल्या आधी बीडच्या किंवा गडहिंग्लजच्या एखाद्या कॉलेजात बसून कुणी मराठीत चार वर्षं काम केलं असेल, तर ‘काहीच झालेलं नाही’ म्हणून आपण त्याचं काम पुसत नाही. मराठीतलं संशोधन कुणी वाचत नाही अशी तक्रार आपण सगळेच करतो. निदान आपण तरी ते शोधूया.